धोटा

मी इतिहासाचा मास्तर. एम. ए. इतिहासात केलं, नोकरी लागल्यापासून शिकवला तोही इतिहासच, आणि गेली सहा वर्षं मुख्याध्यापक म्हणून जे करतो त्याला खरं तर कारकुनी म्हणायला हवं. यंत्राशी माझं कधी जमलं नाही. घरातला मिक्सर बंद पडला तर बायको मला त्याला हात लावू देत नाही. ‘तुम्ही फक्त दुकानापर्यंत नेऊन पोचवा,’ म्हणते. असा माणूस शाळेच्या रोबोटिक्स संघाचा प्रशिक्षक आहे हे कळल्यावर आमच्या गल्लीतले लोक हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण गेल्या हंगामात स्पर्धा संपवून रात्रीच्या बसनं मुलांना घेऊन बेळगावला परतताना मला हसू आलं नव्हतं.

ही स्पर्धा म्हणजे फर्स्ट लेगो लीग. डीन केमन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९८ पासून लेगो कंपनीच्या सहकार्यानं लहान मुलांसाठी ही स्पर्धा सुरू झाली. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास नवा विषय जाहीर होतो. सुमारे २ मीटर ३६ सेंटिमीटर लांब आणि १ मीटर १४ सेंटिमीटर रुंद अशा टेबलावर छापील चटई अंथरायची, तीवर लेगोच्या तुकड्यांतून जोडलेले देखावे मांडायचे, आणि मुलांनी तयार केलेल्या छोट्या यंत्रमानवानं अडीच मिनिटांत जमतील तेवढी कामं उरकायची. एकदा सोडल्यावर तो आपल्या डोक्यानं चालतो, रिमोट नाही. वाटेत हात लावला तर गुण जातात. पण यंत्राच्या गुणांना फक्त एक चतुर्थांश किंमत. उरलेले तीन भाग म्हणजे यंत्राची रचना कशी केली, दिलेल्या विषयावर कोणता प्रकल्प केला, आणि दहा मुलं एकमेकांशी कशी वागली. हा शेवटचा भाग मला फार आवडला. वागणुकीला पंचवीस टक्के देणारी परीक्षा मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिलेली नाही.

शाळेला संच मिळाला तो पुण्यात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलला, जिथे दर जूनला पट मोजताना माझ्या पोटात गोळा येतो, तो संच म्हणजे केवढा आधार वाटला होता! इंग्रजी माध्यमाकडे चाललेल्या पालकांना दाखवायला आमच्याकडे काहीतरी आलं होतं. आणि इथंच माझी पहिली चूक झाली. संघ निवडताना मी नववीची गुणपत्रिका पुढ्यात घेतली आणि वरची दहा नावं लिहून काढली.

गेल्या वर्षीचा विषय होता समुद्र. आमच्या दहांपैकी सहा जणांनी समुद्र पाहिलेला नव्हता, गोवा एवढं जवळ असून. तरी मुलांनी मेहनत केली. स्पर्धेच्या दिवशी मात्र आमच्या प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली शहाण्यासारखा काळ्या रेघेवरून चालणारा यंत्रमानव त्या मोठ्या हॉलमध्ये रेघ सोडून भलतीकडे निघाला. उजेड बदलला की रंग ओळखणाऱ्या डोळ्याला काळं आणि पांढरं नव्यानं शिकवावं लागतं, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

त्याचं काही नाही. यंत्र चुकतं. मी चुकलो ते दुपारी, परीक्षकांच्या खोलीत. तिथे प्रशिक्षकानं मागे बसून ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. परीक्षकांनी इंग्रजीतून विचारलं, ‘हा प्रश्न तुम्ही का निवडलात?’ उत्तर द्यायची जबाबदारी येळ्ळूरच्या एका मुलीची होती. तिनं श्वास घेतला, ओठ हलवले, आणि थांबली. दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. मला ते सहन झालं नाही. मी मागून उत्तर दिलं. परीक्षक बाईंनी नम्रपणे हात वर करून मला थांबवलं. पण त्यानंतर त्या खोलीत आमचं एकही मूल धड बोललं नाही.

परतीच्या बसमध्ये ती मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. संकेश्वर मागे टाकल्यावर मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. सांत्वन करायला म्हणून गेलो होतो. ती खिडकीतूनच म्हणाली, ‘मला येत होतं सर. वाक्य जुळवालते मी. तुम्ही बोलला नसता तर बोलले असते.’

तीस वर्षं वर्गावर उभा राहिलेला माणूस मी. एवढं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

यंदाचा संघ बांधायला म्हणूनच मी जूनपासून सुरुवात केली, आणि गुणपत्रिका कपाटात ठेवून दिली. विज्ञानाच्या बाईंनी एक युक्ती काढली. अडगळीत पडलेल्या वस्तू बाहेर काढल्या: मोडका टेबलफॅन, जुना टेपरेकॉर्डर, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, हातानं फिरवायचं शिवणयंत्र. ज्यांना संघात यायचंय त्यांनी जोडीजोडीनं यायचं, चाळीस मिनिटांत वस्तू उघडायची आणि परत बसवायची. बसवता आली नाही तरी चालेल. बाई आणि मी फक्त पाहात होतो. स्क्रू काढल्यावर कोण ओळीनं मांडून ठेवतं, कोण खिशात टाकतं. पान्हा कोण दुसऱ्याच्या हातात देतं आणि कोण शेवटपर्यंत सोडत नाही. वर्गात पहिला येणारा एक मुलगा चाळीस मिनिटं आपल्या जोडीदाराला फॅनला हातच लावू देईना. उलट गणितात दोनदा काठावर पास झालेला एक मुलगा टेपरेकॉर्डरचा पट्टा काढून जोडीदारिणीला म्हणाला, ‘तू बसव, तुझी बोटं बारीक हायत.’

हा दुसरा मुलगा आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाचा हलता देखावा करतो. बेळगावात राहणाऱ्याला देखावे म्हणजे काय हे सांगायला नको. जीपच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि पत्र्याचे दोन तुकडे यांवर त्यानं मागल्या वर्षी कालियामर्दन केलं होतं, नाग फणा हलवत होता. त्याचं नाव मी यादीत सर्वांत वर लिहिलं. येळ्ळूरची मुलगी आता दहावीत. ‘एस.एस.एल.सी.चं वर्ष आहे, यंदा नको,’ म्हणून तिचे वडील शाळेत आले होते. मी त्यांना बसवलं आणि बसमधली गोष्ट सांगितली, माझी चूक न लपवता. बराच वेळ ते टोपीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, ‘तर मग तिला एकदा बोलू दे. डिसेंबरपर्यंत. पुढं अभ्यास.’ अशी दहा नावं झाली. जुलैअखेर सूचनाफलकावर लावली.

आणि मग शेजारचे मुख्याध्यापक आले.

आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे कन्नड माध्यमाचं हायस्कूल आहे. तिथले मुख्याध्यापक धारवाडचे, माझ्याच वयाचे. वीस वर्षं आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना प्रार्थना म्हणवून घेत आलो. त्यांच्या बेंद्राचं आमंत्रण मला असतं, माझ्या घरचा दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो. मराठी त्यांना समजतं, माझं कन्नड बाजारापुरतं. ते म्हणाले, ‘सर, आमच्यात तीन मुलं आहेत. भिंतीवर चढून तुमच्या खिडकीतनं बघतात. आम्हाला असला संच मिळायचा नाही. स्वल्प नोड्री.’

जरा बघा. एवढंच म्हणाले.

नियमात अडचण नव्हती. संघ एकाच शाळेचा असावा अशी अट नाही, पण दहांपेक्षा जास्त मुलं चालत नाहीत. दुसऱ्या संघाला दुसरा संच लागतो, दुसरं टेबल लागतं, दुसरं प्रवेशशुल्क लागतं. म्हणजे त्यांची तीन घ्यायची तर आमची तीन काढायची.

सीमाभागातल्या वाचकांना पुढचं सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ नंतर या गावात शाळा ही नुसती शाळा राहिली नाही. आमच्या संचालक मंडळातल्या एका वयस्क सभासदांचे वडील सीमासत्याग्रहात तुरुंगात गेले होते. मंडळाच्या सभेत ते शांतपणे म्हणाले, ‘मुख्याध्यापक, ही शाळा का काढली होती ते आपणास ठाऊक आहे. वर्गणी मराठी मुलांसाठी आली. तीन मराठी मुलांच्या जागा आपण कुणाला विचारून देणार?’ त्यांना संकुचित म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पैसे कुणी, कशासाठी दिले याचा हिशेब मला द्यावाच लागणार होता. मी पुण्याला फोन लावला. वर्गणी गोळा करणारा माझा जुना विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘सर, निर्णय तुमचा. पण आमच्या वेळी त्या भिंतीवरून आम्ही फक्त दगडच मारत होतो.’

निर्णय सोपा झाला तो स्पर्धेच्या विषयामुळे. २०२५-२६ चा विषय जाहीर झाला: पुरातत्त्व, म्हणजे उत्खनन. मी खुर्चीवरून उडालोच! मातीचा थर झाडून काढणं, जमिनीखालची वस्तू अलगद उचलणं, पडलेला पुतळा उभा करणं, अशी कामं यंत्रमानवाला करायची. आणि पुरातत्त्वज्ञांना येणारी एखादी अडचण शोधून तीवर उपाय सुचवायचा, हा प्रकल्प. बेळगावच्या दक्षिणेला वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकाळातल्या नगराचे अवशेष मिळाले आहेत. ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला स्तंभलेखही तिथं सापडला. दरवर्षी सातवाहन शिकवताना मी हे सांगतो आणि मुलं जांभया देतात. आता तीच मुलं मला विचारत होती, ‘सर, म्हणजे आमच्या घराखाली हाय काय ते?’

पहिल्या रविवारी त्यांना घेऊन मी वडगावकडे एका घराच्या पायाची खुदाई चालली होती तिथं गेलो. खड्ड्यात उतरलेले गवंडी आणि मजूर सौंदत्तीकडचे, कन्नड बोलणारे. आमच्या मुलांचं कन्नड पाठ्यपुस्तकातलं. ‘इथं जुन्या वस्तू सापडतात का?’ हे त्यांनी इतक्या शुद्ध भाषेत विचारलं की मजूर त्यांना सरकारी माणसांची मुलं समजून गप्प झाले. कोपऱ्यात खापऱ्यांचा ढीग होता. काळ्या, तांबड्या, काठाला गुळगुळीत. जुन्या किती हे मी सांगू शकलो नाही, पण त्या भराव म्हणून टोपल्यांनी रस्त्यावर जाणार होत्या. प्रश्न तिथंच सापडला. पुरातत्त्वज्ञ येईपर्यंत जमीन उकरून झालेली असते, आणि उकरणाऱ्याला आपण काय उकरतोय ते ठाऊक नसतं. १८७८ चा गुप्तनिधी कायदा आजही आहे, त्यानुसार सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते. पण टोपली उचलणाऱ्या बाईला ते कोण सांगणार, आणि कोणत्या भाषेत?

दुसऱ्या दिवशी मी शेजारी जाऊन त्या तीन मुलांना बोलावलं.

आमच्या तिघांना मी स्वतः सांगितलं, एकेकाला ऑफिसात बोलावून. कुणाला काढायचं हे बाईंनी आणि मी रात्री दहापर्यंत बसून ठरवलं होतं. यंत्र जुळवणारे हात आमच्याकडे पाच होते. शेजारच्यांपैकी दोघं तेच काम करणारे. बोलणारे, लिहिणारे कमी पडत होते. हिशेबानं पाहता जुळवणाऱ्यांतलेच कमी करायला हवे होते. त्या तिघांत हलत्या देखाव्याचा मुलगाही आला. यादीत सर्वांत वर लिहिलेलं नाव मी खोडलं. दोघांनी कारण विचारलं, एक रडला. यानं काही विचारलं नाही. ‘बरं सर,’ म्हणाला आणि जाताना दार हळू लावून घेतलं. त्याच्या जागी त्यानं ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

नव्या तिघांपैकी एकाचं घर खासबागेत, विणकराचं. घरात दोन यंत्रमाग. पहिल्या दिवशी विज्ञानाच्या बाई प्रोग्राम म्हणजे काय ते फळ्यावर समजावत होत्या: एकामागून एक सूचना, यंत्रानं त्या क्रमानं वाचायच्या. आमची मुलं माना डोलवत होती, म्हणजे समजलं नव्हतं. हा पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, ‘जेकार्डची कार्डं.’ दुसऱ्या दिवशी त्यानं घरातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची दोऱ्यात ओवलेली एक जुनी माळ आणली. भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उचलला जातो. नसेल तिथं नाही. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक ओळ. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार यानं १८०४ मध्ये हा माग तयार केला आणि पुढं चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी भोकांच्या कार्डांची कल्पना तिथूनच उचलली, हे बाईंनी सांगितलं. खासबागेत साडीच्या काठावर ज्या कार्डांतून मोर उतरतो तीच ही. मुलांनी ती माळ हातात घेऊन भोकं मोजली. त्यानंतर स्क्रीनवरचे ठोकळे एकाखाली एक लावताना ‘हे कार्ड आधी, ते मागनं’ अशीच भाषा रूढ झाली.

चाकाचं गणित येळ्ळूरच्या मुलीनं सोडवलं. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर, म्हणजे परीघ साधारण १७.६. पाच फेरे फिरवले की ८८ सेंटिमीटर. तिनं पट्टी लावून पाहिलं आणि ओरडली, ‘सर, पाय खरा हाय!’ चार वर्षं पुस्तकात असलेला पाय तिला त्या दिवशी टेबलावर भेटला.

यंत्रमानवाला नाव काय द्यायचं यावर मात्र भांडण झालं. विणकराच्या मुलानं सुचवलं, ‘लाळी.’ आमची पोरं खो खो हसली; त्यांना लाळ गळणारं यंत्र डोळ्यांसमोर आलं. तो चिडून म्हणाला, ‘मागावर इकडून तिकडं पळतंय ते! घर सोडून जातंय, परत येतंय.’ तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘अरे, धोटा म्हणतोय तो.’ आमचा यंत्रमानवही तेच करतो, कोपऱ्यातल्या घरातून निघतो, काम करतो, परततो. नाव उत्तम होतं. भाषा कोणती घ्यायची? तोच पोरगा म्हणाला, ‘आमच्या घरात दोन्ही म्हणतात. आई लाळी म्हणती, कामाला येणारे मामा धोटा.’ शेवटी एका बाजूला देवनागरीत धोटा आणि दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत लाळी अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. संचालक मंडळातले ते वयस्क सभासद एकदा सराव पाहायला आले होते. त्यांनी यंत्र उचलून दोन्ही बाजू पाहिल्या, काही बोलले नाहीत, आणि खाली ठेवताना मराठी बाजू समोर येईल असं ठेवलं. मला हसू आलं, आणि त्यांच्याविषयी मायाही वाटली.

मजुरांसाठी मुलं आता एक चित्रपट्टी करताहेत. खापरी कशी ओळखावी, नाणं, मणी, जुनी वीट दिसली तर काय करावं, कुणाला सांगावं; दोन्ही भाषांत, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांत. परीक्षकांसमोर कोणत्या भाषेत बोलायचं हेही मुलांनीच ठरवलंय. सुरुवात आपापल्या भाषेत, मग येईल तेवढं इंग्रजी. अडखळलं तर थांबायचं, बाकीच्यांनी वाट बघायची. ‘आणि सर बोलणार नाहीत,’ असं येळ्ळूरच्या मुलीनं फळ्यावर सर्वांत खाली लिहिलं आणि माझी सही घेतली.

त्या सहीची परीक्षा दसऱ्याच्या सुट्टीआधी, शनिवारी संध्याकाळी झाली. धोटा पुतळ्यापर्यंत नीट जायचा आणि परतताना दर वेळी तीन-चार सेंटिमीटर डावीकडे सरकायचा. मुलांनी चाकं पुसली, बॅटरी भरली, कार्डं उलटसुलट केली. ‘तडी, तडी!’ आणि ‘थांब की रे!’ अशा दोन भाषांत गलका चालला होता. मला कारण दिसत होतं. चटईला मधोमध घडीची सुरकुती राहिली होती, चाक तिच्यावरून घसरत असणार. जिभेवर आलेलं मी गिळलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटं गेली.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजली. हलत्या देखाव्याचा मुलगा. क्लासला निघाला होता बहुतेक, पाठीला दप्तर. आत आला नाही. उंबऱ्यावरूनच वाकून टेबलाकडे एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, ‘टेबलाचा पाय आखूड हाय. तिकडचा.’

सगळे थांबले. विणकराच्या मुलानं वही फाडली, कागदाची घडी केली, पायाखाली सरकवली. धोटा सोडला. गेला, पुतळा उभा केला, वळला आणि घरात येऊन थांबला. ‘बंतु, बंतु!’ म्हणून पोरं नाचायला लागली. सुरकुती होती तशीच होती. मी बोललो असतो तर चुकीचंच बोललो असतो.

मी दाराशी गेलो. ‘आत ये रे,’ म्हटलं.

‘नको सर. क्लासला उशीर होतोय.’

‘उद्या ये.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हिशेब त्यालाही येत होता. जागा दहाच आहेत. ‘बघतो सर,’ म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली. आत परत धोटा सोडला होता. मोटरचा बारीक आवाज मला दारापर्यंत ऐकू येत होता, आणि मी रस्त्याकडे बघत उभा होतो.